जावेच्या देशातलं फुकट शिक्षण

"फुकट वाटणारे देश बुडतात. रोमनं धान्य फुकट वाटलं, काय झालं शेवटी?" कपड्यांच्या घड्या घालत बाई कडाडल्या.

"अगं, त्यानंतर पाचशे वर्षं टिकलं की रोम. तूच शिकवतेस ना शाळेत?" नवरा म्हणाला.

शिकवत होत्याच. पण जाऊ परदेशी गेली, तिच्या पोरांचं शिक्षण, औषधपाणी सगळं तिथल्या सरकारनं केलं, तेव्हापासून बाईंच्या वर्गातलं रोम जरा लवकरच बुडू लागलं होतं. आणि आता त्यांच्याच लेकीला तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता.

"काकू म्हणते, माझ्याकडेच राहा," लेक हळूच म्हणाली.

"म्हणेलच. मग जन्मभर सांगत सुटेल, पोरीला मी शिकवलं म्हणून."

बाईंनी विस्कटलेल्या चादरीची पुन्हा घडी घातली.

"ही जाईल," त्या म्हणाल्या, "पण राहील वसतिगृहात."