काल सुटलेली जागा

नत्थूआबाजी गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. मैत्रिणीला सोडायला मी वर्धेच्या स्टँडवर गेले होते. देवळीच्या गाडीचा कंडक्टर आमच्याच गावचा. तिकिटांची पेटी काखेत धरून त्यानं विचारलं, "तू अजून इथंच? गावाले नाई गेली?" मी म्हटलं, "काऊन?" तो म्हणाला, "आबाजी गेले ना बाई. आज सकाळी." मी त्याच गाडीत बसले. पोचले तेव्हा सारं आटोपलं होतं. लोक नदीवरून परत येऊन आपापल्या ओट्यांवर बसले होते.

याला आता पाच आठवडे झाले. असं काही मी आजवर लिहिलेलं नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ज्यांच्याविषयी लिहून येतं ती माणसं मोठी असतात. आबाजींचं नाव आमच्या गावाबाहेर कुणाला माहीत नाही. म्हणून दोनदा कागद घेतला आणि दोनदा ठेवून दिला. पण मी आज बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच, आणि ते कसं झालं हे सांगायचं तर आबाजींपासूनच सुरुवात करावी लागते.

ते माझे सख्खे आजोबा नव्हते. सारी वस्तीच त्यांना आबाजी म्हणायची. कापसाच्या हंगामात ते देवळीच्या जिनात कामाला जायचे. तिथल्या यंत्रांच्या आवाजानं त्यांचा डावा कान गेला होता. हंगाम संपला की उरलेले दिवस विहाराचे. आमचा विहार म्हणजे एक खोली, वर कवेलूंचं छप्पर, मधोमध सागाचा खांब आणि दारापुढे पिंपळ. वैशाख पौर्णिमेच्या आठ दिवस आधी आबाजी चुन्याची बादली घेऊन घरोघरी फिरायचे आणि भिंती पांढऱ्या करायला प्रत्येक घरातून एक माणूस ओढून आणायचे. पौर्णिमेला सगळे पांढऱ्या कपड्यांत. मोठ्या गंजात खीर शिजायची आणि आबाजी तिच्यापाशी पळी घेऊन उभे. "आधी लेकरं, मंग बाया, मंग ज्यानं चुना लावला तो. अन् भाषण देनारा सर्‍यात मांगून!" पाहुण्या वक्त्यासमोरच ते हे म्हणायचे, आणि वक्ताही हसत रांगेत मागे जायचा.

पण त्यांचा खरा जीव वर्षावासात. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत, पावसाचे तीन महिने, रोज दिवेलागणीला विहारात धम्माचा ग्रंथ वाचला जायचा. बाया निंदणावरून यायच्या, पायांचा चिखल पिंपळापाशी धुवायच्या आणि घरी चूल पेटवून, भाकरी टाकून विहारात यायच्या. शेवटची बाई आल्याशिवाय आबाजी वाचन सुरू होऊ देत नसत. ते खांबाला टेकून, उजवा कान वाचणाऱ्याकडे करून बसायचे. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. परित्राण पाठानंतर मनगटाला पांढरा दोरा बांधतात, तो जुना झाला की ते ग्रंथात खुणेला ठेवायचे. वाचन जिथे थांबेल तिथे दोरा ठेवण्याचं काम त्यांचं. अश्विनी पौर्णिमेला ग्रंथ संपला की तोच दोरा पुन्हा पहिल्या पानावर. "संपला म्हनून नुसता मिटून ठेवला, तं पुढच्या साली उघडीन कोन?"

एक्क्याऐंशीच्या जूनमध्ये मी दहावीला नापास झाले. गणितात. बा रागावला नाही, तेच जास्त लागलं. मामानं पुलगावकडचं एक स्थळ आणलं. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला नाही तर दिवाळीनंतर लग्न, असं घरात ठरल्यासारखंच झालं. बानं मला एकदा विचारलं, "तूच सांग बाई, भरू का फॉर्म?" मला हो म्हणता आलं नाही. पुन्हा नापास झाले तर... एवढंच डोक्यात. मी घराबाहेर पडणं सोडलं. विहिरीवर पाण्याला जायची तीसुद्धा बाया शेतात गेल्यावर.

त्या वर्षी आमचे वाचणारे गुरुजी बदली होऊन गेले होते. आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आबाजी आमच्या ओट्यावर येऊन बसले. "यंदा तुही पोरगी वाचीन."

बा म्हणाला, "आबाजी, ते नापास झाली."

"मले तं शाळेत कोनी घेतलंच नाई. आता वस्तीत तिच्याहून जास्त शिकलेलं कोन हाये, सांग मले." आबाजी उठले आणि दाराआड मी उभी होते तिकडे पाहून म्हणाले, "चेहरा धुवून येजो."

मी वाचू लागले. पहिले काही दिवस मान वर केली नाही. पंधराएक दिवसांनी एका संध्याकाळी एक अवघड मजकूर आला. लांब वाक्यं, जड शब्द. अडखळले तर लोक म्हणतील, म्हणून तर नापास झाली. मी तो अख्खा मजकूर सोडला आणि पुढच्या पानावरून वाचत राहिले. कुणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर आबाजी आले. इकडेतिकडे कुणी नाही हे पाहून हळूच म्हणाले, "काल एक जागा सुटली, बाई."

मी म्हटलं, "नाई आबाजी, सारं वाचलं मी."

त्यांनी वाद घातला नाही. "असन. मले बी एकच कान हाये," म्हणाले आणि गेले.

त्यांनी दटावलं असतं तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी त्यांनी दोऱ्यापाशी ग्रंथ उघडून माझ्या पुढ्यात ठेवला आणि खांबाला टेकून बसले. मी दोऱ्यावर नुसतीच बोट ठेवून राहिले. मग मागचं पान उलटलं आणि म्हटलं, "काल माझ्याकडून एक जागा सुटली. सुटली नाही... मी सोडली. मला वाचता आली नसती."

कुणी हसलं नाही. मागून कौतिकाबाई बोलल्या, साठीच्या, अंगठा उठवणाऱ्या, जिभेनं तिखट: "आमची तं अर्धी उमर अशीच गेली व! तू चार ओळीचं काय घेऊन बसली? वाच." तेव्हा मात्र सगळे हसले. मीही. मी वाचलं, चार ठिकाणी अडखळले, आणि शेवटी धीर करून म्हटलं, "आबाजी, याचा अर्थ मला समजला नाही."

"मले बी दहा सालापासून नाई समजला," आबाजी म्हणाले. "म्हनून तं दरसाल त्या जागेवर मी कान लावून बसतो."

त्या रात्री जेवताना मी बाला सांगितलं, फॉर्म भरा. आणि हेही सांगितलं की मला दहावीचंच नाही, सातवीपासूनचं गणित येत नाही. अपूर्णांक आले तेव्हापासून न कळलेलं मी सोडत आले होते आणि कुणाला विचारलं नव्हतं. बानं देवळीला एक सर शोधले. त्यांच्यापुढे वही उघडताना पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "सर, मागून सुरू करा." ऑक्टोबरला मी पास झाले. काठावर, पण झाले. ग्रंथही अश्विनी पौर्णिमेला पूर्ण झाला. दोरा पहिल्या पानावर ठेवताना आबाजी एवढंच म्हणाले, "यंदा काई राह्यलं नाई."

पुढे मी वर्धेला आले. सुटीत गावी गेले की ते विचारायचे, "तिथं समजते का सारं?" मी म्हणायची, "नाही आबाजी." त्यांना ते उत्तर आवडायचं.

ते गेले ते वर्षावास सुरू असतानाच. सातव्या दिवशी विहारात त्यांच्यासाठी पुण्यानुमोदन झालं, आणि संध्याकाळी नेहमीचं वाचनही झालं. ते बंद ठेवावं असं कुणी सुचवलंसुद्धा नाही. आता कौतिकाबाईंची नात संगीता वाचते. तिनं दोरा बाजूला केला आणि वाचू लागली. खांबापाशी कुणी बसलं नव्हतं. वाचता वाचता संगीता एका ठिकाणी थबकली आणि पान उलटून पुढे गेली. माझ्या लक्षात आलं. बोलावं की नाही... तिचं वय, सगळ्यांसमोर... मी घुटमळत होते.

"थांब व माय," मागून कौतिकाबाई म्हणाल्या. "मांगं काईतरी राह्यलं."

संगीता लाजली. तिनं पान परत उलटलं आणि राहिलेलं वाचायला लागली, अडखळत. मी आजूबाजूला पाहिलं. कौतिकाबाई उजवा कान पुढे करून बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडच्या दोघीतिघीही तशाच. आणि मग मला कळलं की माझे दोन्ही कान चांगले असून मीही तशीच बसले आहे.