गुंड्याची संकष्टी

आमच्या कोपऱ्यावरचा कुत्रा सकाळच्या उन्हात पुढचे पाय पसरतो आणि मागचा भाग वर करून आळस देतो. तेव्हा टपरीवाला म्हणतो, "बघा, नमस्कार घालतोय!" सगळे हसतात. मी मान फिरवतो, कारण हा विनोद मूळचा माझा.

संकष्टीचा दिवस होता. आमच्या घरच्या कुत्र्याने, गुंड्याने, पोळीला तोंड लावलं नाही, तो दोनदा ओकला आणि देवघरासमोर पुन्हा पुन्हा तसाच वाकत राहिला. मी शेजारच्या काकूंना हाक मारली, "या, भक्त बघायला या! उपास आणि वर नमस्कार!" काकूंनी खरोखरच हात जोडले. बायको एवढंच म्हणाली, "अहो, तो पाणीसुद्धा पीत नाहीये."

"निर्जळी धरलीय!" असं म्हणून मी टाळीसाठी हात पुढे केला. तिने टाळी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोटाला हात लावताच गुंड्या कळवळला. "आळस देणारा कुत्रा लगेच उठतो, काका. हा पुन्हा पुन्हा वाकत होता, म्हणजे पोटात दुखत होतं. ओकला, पाणी सोडलं, तेव्हाच आणायचं ना!"

"मला वाटलं, संकष्टी..." मी म्हणालो. डॉक्टर हसले नाहीत.

गुंड्याने त्या संध्याकाळी दवाखान्यातच प्राण सोडला. काकू हळहळल्या, "मुका जीव हो, सांगणार तरी कसा?" तो दिवसभर सगळ्या अंगाने सांगत होता. मीच बोलायचा थांबलो नव्हतो.