हिरवी तार

मला फसवलं, असं मी आजही म्हणतो. बायको म्हणते, "तुमाला कोन फसवनार? तुमी काय फसनाऱ्यातलं हाय व्हय?" तिचं बोलणं कौतुकाचं नाही, हे मला कळतं.

गाडी दोन माणसांची, उघडी, विलायती, माझ्याच वयाची. तिचा मालक अनमोड घाटाखाली गोव्यात राहणारा एक म्हातारा. घर जुनं, बाग मोठी, पोरं परदेशात. मी रामनगरात शून्यातून उभा राहिलेला माणूस. जोयडा तालुक्यात वीज जसजशी आत सरकत गेली, तसतसा मीही तिच्या मागून खांद्यावर वायरची भेंडोळी घेऊन आत गेलो. कुंभारवाड्याकडच्या कितीतरी घरांत पहिला दिवा माझ्या हातानं लागला. पुढं दुकान झालं, पंपाची एजन्सी झाली. मग वाटलं, एक तरी वस्तू अशी घ्यावी, जिचा काडीचा उपयोग नाही.

सौदा दुपारभर चालला. गाडीचा एक ब्रेकलाइट मधूनच लागत नव्हता. तेवढं धरून मी भाव बराच खाली आणला. म्हाताऱ्याच्या हातात एक वही होती. तिच्यात गाडीच्या सगळ्या वायरिंगच्या आकृत्या त्यानं स्वतः काढून ठेवलेल्या. बोलता बोलता तो म्हणाला, "एक सांगतो. हिरव्या तारेला हात लावायचा झाला, तर आधी मला विचारा."

ही चाल मी ओळखून आहे. भाव पडायला लागला की विकणारा भीती घालायला लागतो, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावं, माल नाजूक आहे, जपून बोलावं. मी आणखी खाली उतरलो.

त्यानं वही मिटली आणि खणात टाकली. "ह्या भावात गाडी मिळेल. वही नाही."

"नको तुमची वही. निम्म्या तालुक्याची वायरिंग केलीय मी."

"मग टेंपोत घालून परत आणाल एक दिवस."

माझं डोकं फिरलं. त्याच्या फाटकाकडं बोट दाखवून मी म्हणालो, "दिवाळीच्या आत ही गाडी चालवत घाट उतरून येतो आणि इथंच उभा राहून हॉर्न वाजवतो."

त्याच्या बागेतला माळी ऐकत होता, माझा ड्रायव्हर ऐकत होता. शब्द गेला तो गेला.

पावसाळाभर गाडी माझ्या खळ्याच्या खोपीत, भाताच्या पिंजराच्या गंजीशेजारी उभी होती. पाऊस ओसरल्यावर बॉनेट उघडलं, तर ब्रेकच्या स्विचाजवळ एक हिरवी तार सुटून लोंबत होती. मी हसलो. एवढ्यासाठी म्हातारा वही दाखवत होता! हिरवी म्हणजे अर्थ, जमिनीत जाणारी तार, हे आमच्याकडं कामाला लागून आठवडा झालेल्या पोरालाही ठाऊक असतं. बॉडीचा रंग थोडा खरवडला, भोक पाडलं आणि तार स्क्रूनं घट्ट आवळली.

चावी फिरवली आणि फ्यूज गेला. इंजिन चालू होतं, पण ब्रेकलाइट नाही, वायपर नाही, इंडिकेटर नाही, पेट्रोलचा काटाही मेलेला. मी ओळखलं, अर्थ कमी पडतोय. घरात अर्थ कमी पडला की आम्ही खड्डा खोल करतो, मीठ-कोळसा वाढवतो. गाडीत खड्डा कुठं मारणार? म्हणून आणखी एक हिरवी तार शोधली आणि बॉडीला आवळली. फ्यूज गेला. मग तिसरी, मग चौथी. पाचवी तर डॅशबोर्डच्या मागं, उताणा पडून. फ्यूज संपल्यावर तिथं तांब्याची जाड तार घातली. तेव्हा मात्र धूर निघाला.

बायको खोपीच्या दारात उभी होती. म्हणाली, "आता म्हाताऱ्याला फोन करा की."

"त्यानंच काहीतरी करून ठेवलंय. मुद्दाम!"

"व्हय. त्यो रोज रातचं घाट चढून येतोय आनि तुमच्या तारा तोडून जातोय."

दिवाळीला आठवडा उरला. शेवटी स्टँडवरच्या, ट्रॅक्टरची वायरिंग करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो बॉनेटमध्ये वाकायच्या आधी मी मजुरी ठरवायला लागलो. तो म्हणाला, "अण्णा, मजुरीचं मागनं बगू. आदी बल्ब लावूया."

त्यानं जळलेली तार बदलली, माझ्या हिरव्या तारा एकेक सोडवल्या, नवा फ्यूज घातला. बल्बाची एक वायर बॉडीला लावली, दुसरी हिरव्या तारेला. "चावी फिरवा."

बल्ब लख्ख पेटला.

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "घरातली हिरवी आनि हितली हिरवी, दोगींचा काय संबंध न्हाई, अण्णा. हिच्यातनं करंट येतोय. अर्थ ही काळी हाय. तुमी करंट सरळ बॉडीत सोडत हुता."

म्हणजे अर्थ वाढवतोय असं समजून मी पाच ठिकाणी शॉर्ट वाढवत होतो. आणि म्हातारा खरं बोलत होता. सौद्याच्या वेळी विकणारा माणूस खरं बोलेल, ही गोष्ट माझ्या हिशेबातच नव्हती.

त्यानं पाची तारा जागच्या जागी जोडून दिल्या. दिवाळीच्या दोन दिवस आधी धुक्यात घाट उतरलो. दर वळणावर गरज नसताना ब्रेक दाबला. फाटकासमोर उभा राहून हॉर्न वाजवला, जरा जास्तच वेळ.

म्हातारा आला. शाबासकी वगैरे काही नाही. "ब्रेक दाबा," म्हणाला आणि मागं जाऊन बघून आला. मग बॉनेट उघडलं. खरवडलेल्या एका जागेवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या.

"चार?"

"पाच," मी म्हणालो. "एक आत आहे."

तो घरात गेला आणि वही घेऊन आला.

"कितीला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हिला भाव नाही. घेऊन जा."

ह्याचा मला खरा राग आला. ज्याला भावच नाही, त्याचा भाव माणसानं पाडायचा कसा?

वही तिथंच उघडली. पहिल्या पानावर पेन्सिलीनं गाडीचं चित्र होतं आणि त्याच्यावर फुल्या. खाली लिहिलं होतं, 'हिरवी तार अर्थ समजून मी इथं भोकं पाडली. नंतर बुजवली.' फुल्या मी दोनदा मोजल्या. सात होत्या.

घरी येऊन बायकोला पान दाखवलं आणि म्हणालो, "बघ. त्याच्यापेक्षा दोन भोकं कमीत सौदा झाला." तरीही माझं म्हणणं कायम आहे. वही त्यानं त्याच दिवशी द्यायला हवी होती.