पहिली वेलांटी आधी की नंतर

गडचिरोली जिल्हा झाला आणि गावात एकदम कचेऱ्या आल्या. काही भाड्याच्या घरांत, काही शाळेच्या जुन्या खोल्यांत, एक तर चक्क धानाच्या गोदामात. कचेरी आली की साहेब येतो, साहेब आला की पत्रं निघतात, आणि पत्रं टाइप करायला माणूस लागतो. एवढ्या विचारावर आम्ही दोघींनी एस.टी. स्टँडच्या मागे एक खोली घेऊन टायपिंगचे वर्ग काढले.

दोघी म्हणजे मी आणि मोठ्या बाई. हे नाव विद्यार्थ्यांनी पाडलं. त्या चाळिशीच्या, मी पंचविशीची, म्हणून त्या मोठ्या बाई आणि मी लहान बाई. मी राजुऱ्याकडची. वडील कोळशाच्या खाणीत होते. त्यांनी मला इंग्रजी टायपिंग शिकायला चंद्रपूरला ठेवलं होतं. बाई आरमोरीकडच्या, धानाची शेती असलेल्या घरातल्या. तालुक्याच्या एका कचेरीत त्या बरीच वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर मराठी टायपिस्ट होत्या. ती नेमणूक कायम झाली नाही आणि एक दिवस संपली.

आमची ओळख एका मुलाखतीच्या बाकड्यावर झाली. सकाळी बोलावलं होतं आणि दुपार झाली तरी नंबर येत नव्हता. त्यांनी डबा उघडला, अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली आणि मी कुठली, कोणाची, हे काहीच न विचारता म्हणाल्या, "खा. उपाशी पोटी बोटं थरथरतात." नोकरी दोघींनाही मिळाली नाही. परत जाताना रस्त्यात त्यांनीच वर्गाचा विषय काढला. त्यांच्याकडे लिलावात घेतलेला एक जुना मराठी टाइपरायटर होता, माझ्याकडे इंग्रजी परीक्षेचं प्रमाणपत्र होतं.

वर्ग सुरू करायच्या आधी त्यांनी एकच अट घातली. वकिलाकडे जाऊन भागीदारीची लिखापढी करायची.

मला ते लागलं. मी म्हणाले, "बाई, माह्यावर भरवसा नाई का तुमचा?"

"तुह्यावर आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या दहा वर्सांवर काऊन ठेवू? ते मी पायले नाईत."

वकीलसाहेब म्हातारे होते. त्यांनी कागदावर काही लिहायच्या आधी आम्हाला प्रश्न विचारले. पहिला प्रश्न होता, तुमचं भांडण झालं तर काय? आम्ही दोघी हसलो. ते थांबले आणि म्हणाले, "हसून झालं का? आता सांगा." मग आम्ही खरोखर विचार करू लागलो. नवी मशीन घ्यायची, जुनी विकायची किंवा बँकेत अर्ज करायचा, तर दोघींची सही पाहिजे, हे कलम त्यांनीच सुचवलं. आम्ही माना हलवल्या.

मग त्यांनी विचारलं, "एकीला सोडून जायचं असलं तर?"

बाईंनी घरून ठरवून आणल्यासारखं सांगितलं, "हिचं लग्न होईन. नवरा कुठी नेईन, काय माईत. ही जाईन तवा हिचा वाटा हिले पूर्ण द्यायचा. काऊन चालली म्हणून विचारायचं नाई. अन् परत आली तर घ्यायचं."

वकीलसाहेबांनी पेन वर उचललं. "परत आली तर, हे कलमात बसवणं कठीण आहे, बाई."

"बसवा कसंबी."

त्यांनी बसवलं. मी खाली फरशीकडे पाहत राहिले, कारण वर पाहिलं असतं तर डोळे भरलेले दिसले असते. माझ्या लग्नाचा विचार तोवर माझ्या आईशिवाय कोणी केला नव्हता. पुढे माझं लग्न गावातल्याच एका शिक्षकाशी झालं आणि ते कलम कधी उघडावं लागलं नाही. पण ते आहे, हे मला माहीत होतं, आणि त्या माहितीवर मी पुष्कळ वर्षं निर्धास्त राहिले.

वर्ग चांगले चालले. सकाळी साडेसहाला पहिली तुकडी बसायची. धानोऱ्याकडची, चामोर्शीकडची मुलं-मुली पहिल्या बसने यायची. एक सिरोंच्याची मुलगी मावशीकडे राहून शिकायची. तिची घरची भाषा तेलुगू, तरी तिच्या मराठी पानात चूक सापडत नसे. बाई मशीनकडे न पाहता टाइप करत. मिनिटाला चाळीस शब्द, आणि मान खिडकीकडे. मला मराठी टायपिंग येत नव्हतं, पण त्यांच्या शेजारी सहा-सात वर्षं बसून त्यांच्या हाताची चाल मला पाठ झाली होती. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारावी लागते, अक्षर नंतर. बाईंचं बोट वेलांटीवर पडे आणि मागोमाग अक्षर येई.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीत कॉम्प्युटर आल्याची बातमी विद्यार्थ्यांनीच आणली. त्या खोलीत म्हणे थंड हवेची मशीन लावली होती आणि चपला बाहेर काढाव्या लागत. मग मुली विचारू लागल्या, "लहान बाई, आपल्या इथी ते केव्हा शिकवान?" त्यातल्या दोघी आमचा वर्ग सोडून कॉम्प्युटर शिकायला चंद्रपूरला गेल्या. आता आपणही घ्यायला हवा, असं आमच्यात ठरलं. बाई म्हणाल्या, "तूच पाहून ये. मले त्यातलं काय समजते?"

मी नागपूरला एका दुकानात गेले. विक्रेत्याने काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवून दाखवली. मराठीसाठी मशीनच्या आत एक कार्ड बसवायचं होतं, आणि त्याचा कळफलक नवा होता. त्याने आधी 'क' दाबला, मग वेलांटी. वेलांटी आपणहून उडी मारून 'क'च्या आधी जाऊन बसली. "जसं बोलता तसं टाइप करायचं, मॅडम," तो म्हणाला. मला ते फार सुंदर वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी बाईंचे हात आठवले. वीस वर्षं त्या हातांनी वेलांटी आधी मारली होती. कळांच्या जागाही सगळ्या बदललेल्या होत्या.

मी विचारलं, "टाइपरायटरसारखा कळफलक नाही का?"

त्याने आवाज खाली आणला. एका फ्लॉपीत तसं मराठी होतं. कुठून तरी उतरवून घेतलेलं, स्वस्तात मिळणारं. फक्त त्याचं बिल मिळणार नव्हतं. मी म्हणाले, तेच द्या.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की बाईंना यातलं काही सांगायचं नाही. मशीन येईल, त्या बसतील, कळा जिथल्या तिथे सापडतील, आणि त्यांना कधी कळणारही नाही की दुसरं काही होतं. मला वाटत होतं, मी त्यांच्यासाठी काही तरी चांगलं करते आहे.

पंधरा दिवसांनी किमतीचं पत्रक टपालाने आलं. बँकेच्या अर्जाला ते जोडायचं होतं, आणि अर्जावर दोघींच्या सह्या लागत होत्या. बाईंनी चष्मा लावून प्रत्येक ओळीवर बोट ठेवत ते वाचलं. मशीन, पडदा, प्रिंटर, टेबल. मग बोट परत वर नेलं.

"यात मराठी कुठी आहे?"

मला खोटं बोलता आलं नाही. फ्लॉपीचं सांगितलं, बिलाचं सांगितलं. कळफलकाचंही सांगितलं. मग पत्रकाची घडी करून त्यांनी ते खणात ठेवलं.

"सही मी नाई करत."

तीन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मला रागही आला होता. मला वाटलं, त्या कॉम्प्युटरलाच भ्यायल्या आहेत आणि बिलाचं निमित्त करून टाळताहेत. इतकी वर्षं बरोबर काढूनही मी त्यांना किती कमी ओळखत होते, याची आज लाज वाटते.

चौथ्या दिवशी त्या दहाच्या तुकडीला आल्या नाहीत. मराठी-इंग्रजी दोन्हीकडचे विद्यार्थी मीच सांभाळले. एक वाजता, वर्ग रिकामा झाल्यावर, त्या उन्हातून चालत आल्या. डोक्यावरचा पदर काढला, माठातलं पाणी प्यायल्या आणि पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर पसरला. त्यावर पेन्सिलने काढलेला कळफलक होता. एकेक कळ पट्टीने आखलेली, आत अक्षर.

कचेरीतल्या कॉम्प्युटरवर आमचाच एक जुना विद्यार्थी बसत होता. बाई साहेबांची परवानगी काढून, चपला बाहेर ठेवून, दोन तास त्याच्या शेजारी बसून आल्या होत्या.

"तिथी हे आहे," त्या म्हणाल्या. "पुढं सगळीकडं हेच येईन म्हणते तो. अन् तू माह्यासाठी जुनं घेऊन राह्यली."

"तुमच्या हातांना जड जाईल, म्हणून..."

"माह्ये हात माह्यापाशी राहू दे. पोरी सकाळच्या बसनं उठून येतात. मी सुखात राहावं म्हणून त्यायले उद्या बंद पडणारं शिकवायचं का?"

त्या पुढे म्हणाल्या, "वकीलसाहेबायकडंबी गेलती. ते म्हणाले, बिल नाई तर ते तुमचं नाई. कोणी विचारलं तर दोघीयचं नाव निघते. तुह्यं नाव माह्यापायी काऊन खराब व्हावं?"

मग त्या समोरच्या स्टुलावर बसल्या. आवाज बदलला होता. "तुले वाटलं, बाईले जमणार नाई. खरंच नाई जमणार, असंबी होईन. पण मले विचारायचं होतं न."

"चुकलं, बाई," मी म्हणाले.

"हो. आता कागद घे, अन् त्याले दुसरं पत्रक मांग."

दुसरं पत्रक आलं. त्यात मराठीच्या कार्डाची ओळ वेगळी होती आणि आकडा मोठा होता. दोघींनी सह्या केल्या. बँकेने दोन-तीनदा बोलावलं, मग अर्ज मंजूर केला. पावसाळा संपता संपता मशीन आली, गादीत गुंडाळून, जीपच्या मागच्या सीटवर.

एक ते तीन वर्ग बंद असत. सुरुवातीचे काही महिने बाई तेव्हा सरावाला बसत. चाळीस शब्दांच्या बाई मिनिटाला सात-आठ शब्दांवर आल्या. वेलांटी सवयीने आधी पडे आणि मागच्या अक्षराला जाऊन चिकटे. एकदा त्यांनी पत्ता टाइप केला आणि पडद्यावर उमटलं, 'गडिचरोली'. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "गडिचरोली. हे कुठी आलं?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की वीज गेली तेही उशिरा कळलं.

पण सगळे दिवस हसण्याचे नव्हते. एके दुपारी त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवले. बोटं आखडली होती. मी म्हणाले, "बाई, हे मी पाहते. तुम्ही टाइपरायटर सांभाळा."

त्या पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "लहानपणी मी डावखुरी होती. गुरुजीनं मारून मारून उजव्या हातानं लिहायले लावलं. तवा कोणी शेजारी बसलं नव्हतं. आता तू आहेस. बस."

मी खुर्ची ओढून बसले. त्या दिवसापासून मीही मराठी टायपिंग शिकू लागले, त्यांच्याच कागदावरून, पहिल्या कळेपासून. मला विसरायचं काहीच नव्हतं, म्हणून मी लवकर पुढे गेले. त्यांना त्याचं वाईट वाटेल या भीतीने मी मुद्दाम हळू टाइप करायची. त्यांनी ते दोन दिवसांत ओळखलं आणि माझ्या हातावर पट्टी मारली. वर्गात इतकी वर्षं मुरलेल्या शिक्षिकेची ती पट्टी होती, हलकी आणि नेमकी बोटांच्या पेरांवर.

त्यांचा जुना वेग त्या मशीनवर कधीच आला नाही. पंचवीसच्या वर त्या गेल्या नाहीत. पण टाइपरायटर शिकून आलेल्या मुली कॉम्प्युटरवर बसल्या की कुठे अडतील, हे त्यांना बोट पडायच्या आधी कळे. म्हणून त्या मुलींना त्यांनीच शिकवावं, मी नव्हे, असं ठरलं. चंद्रपूरला गेलेल्या दोघींपैकी एक परत आली. तिथे विचारलं की रागावतात, म्हणाली.

आमचं वेळापत्रक असं बसलं की सकाळी बाई टाइपरायटर शिकवत, वेलांटी आधी. दुपारी कॉम्प्युटर, वेलांटी नंतर. एकाच दिवसात हातांना दोन चाली लावायच्या. मी एकदा विचारलं, गोंधळ होत नाही का?

"होते न," त्या म्हणाल्या. "म्हणून मधात घरी जातो. तांदूळ धुतो. दोन-तीन पाणी काढेपर्यंत बोटं सकाळचं विसरतात."

मला वाटलं होतं, सराव थांबल्यापासून त्या दुपारी नुसत्या स्वयंपाक करायला घरी जातात. पुढच्या आठवड्यात मीही एकदा त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी परातीत तांदूळ घेतले, माझ्यापुढे सरकवले, आणि आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून पांढरं पाणी ओतत राहिलो, तीन वाजायला अजून वेळ होता तोवर.