ढिगावरचं कोनफळ

कचऱ्यातून उचललेलं देवाला चालतं का, हे मला कुणाला विचारताही येत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, पण तिथं शिकलेलं काही इथं उपयोगी पडेना. आईचं एकच होतं, देवापुढं ठेवल्याशिवाय ती घास तोंडात घालायची नाही. तिच्या औषधपाण्यासाठी जोयड्याकडचं जंगलातलं घर बंद करून आम्ही रामनगरात खोली घेतली, तेव्हाही तिनं कपड्यांच्या आधी आमचा देव, पुजेतला नारळ, फडक्यात बांधून घेतला होता. वडील आधीच गेलेले. तिची मजुरी थांबल्यावर घरात रेशनचा तांदूळ तेवढा उरला.

त्या थंडीत तिचं अन्न सुटलं. पेजेचा वाससुद्धा तिला नको व्हायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता खोलीवरच ठेवा, खातील ते द्या. मी रोज नारळापुढं बसून तिचं आयुष्य मागत होते. एका सकाळी तीच म्हणाली, "कोनफळ गावलं तर खाईन गं, उकडून." आमच्या परड्यात ते दरवर्षी निघायचं. त्या वर्षी लावायला कुणी नव्हतं.

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी दुकानं उठताना मी मागच्या बाजूला गेले. खणताना कुदळ लागून तुटलेली कोनफळं गिऱ्हाईक घेत नाही, ती कुजक्या पाल्याबरोबर तिथं टाकतात, हे मला माहीत होतं. तरी हात पुढं होईना. एक म्हातारी आधीच वाकून वेचत होती. टेंपोत पोती चढवणारा भाजीवाला ओरडला, "ए, ते गुरांसाठी टाकलंय." मान वर न करता ती म्हणाली, "व्हय, गुरंच आलीत. एक म्हातारी गाय, एक कालवड." तो हसला आणि कामाला लागला. मग माझ्या खांद्यावरच्या पुस्तकांच्या पिशवीकडं बघून ती म्हणाली, "वाक की. मी काय तुझ्या कॉलेजात सांगाय येत न्हाई."

मी एक तुकडा उचलला. वरून काळवंडलेला, आत जांभळा आणि घट्ट. पिशवीत टाकणार तोच तिनं माझं मनगट धरलं. "पयला न्हाई. पयला त्याचा." ढिगापलीकडं आंब्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला राखणदाराचा धोंडा होता. तिचा तुकडा तिथं आधीच ठेवलेला होता. आमच्याकडं नवं भात आलं की पहिली मूठ देवाला ठेवल्याशिवाय घरात शिजत नाही. ती बाई त्या ढिगालाही शेतच मानत होती. मी चाचरत म्हटलं, "पण अक्का, हे टाकलेलं ना?"

"माणसानं टाकलं. त्यानं कुठं टाकलंय?"

खोलीवर येऊन मी कोनफळ मीठ घालून उकडलं, नारळापुढं ठेवलं. आईनं विचारलं, "कुठलं गं?" खोटं बोलायचं ठरवूनच मी ताटली हातात घेतली होती. पण तोंडातून खरं तेच आलं, ढीग, म्हातारी, पहिला तुकडा, सगळं. तिनं डोळे मिटले. आता ती ताटली बाजूला सारणार, असं मला वाटलं. मग डोळे न उघडताच ती म्हणाली, "त्याचं देऊन झालंय न्हवं? मग आण." दोन घास तिनं सावकाश खाल्ले, तिसरा माझ्या तोंडात घातला. त्यानंतर पाण्याशिवाय तिनं काही घेतलं नाही, आणि थोड्याच दिवसांत ती गेली.

पुढच्या बाजारांना मी त्या म्हातारीला शोधलं. भाजीवाला म्हणाला, "अशा किती येत्यात, कुणाकुणाला ध्यानात ठेवू?" ती कोण होती, हे मला ठरवायचंही नाही. मी अजून त्या ढिगाकडं जाते, पहिला तुकडा आंब्याखाली ठेवते आणि हात जोडते. मागत काही नाही. आईचं आयुष्य मागितलं होतं, ते त्यानं दिलं नाही. जे दिलं, ते मागायचं मला सुचलंही नसतं.