हाताची ओळख

आईनं नव्या औषधाच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि आतल्या मुळीचा कडवट, ओलसर वास मला थेट परभणीच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला.

तिथं शिकताना याच मुळीचा अर्क मी रोज पांढऱ्या उंदरांना पाजायची. पिंजरा उघडला की ते आपणहून माझ्या तळहातावर चढायचे. पुढे त्यांनी खाणं सोडलं, अंगावरचे केस विस्कटले. या मुळीचं औषध काढू पाहणाऱ्या आमच्या सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "दमलीस बेटा. जरा वालूरला आईकडं जाऊन ये."

परत आले तर उंदीर गुबगुबीत, तुकतुकीत. शेपटीवर मी ओळखीसाठी करायची तशाच निळ्या खुणा. मी हात आत घातला आणि सगळे भेदरून कोपऱ्यात दडले.

"सर, हे माझे उंदीर नाहीत."

"पांढरे उंदीर सगळे सारखेच दिसतात गं," सर हसले.

त्यांच्या त्या 'बेटा'नं मी तेव्हा विरघळले होते. मला फक्त वाटेतून बाजूला करायचं होतं त्यांना.

बाटलीवर 'प्राण्यांवर तपासलेलं, संपूर्ण सुरक्षित' असं छापलंय आणि शेजारी सरांचा हसरा फोटो. मी आईच्या हातातला चमचा हिसकावला.

"असं काय करायलीस?" ती म्हणाली. "तुझ्या सराचं हाय म्हणूनच तर भरोशानं घ्यायलेय मी."