धर्मा गवंड्याची विहीर

सिद्धगडाच्या अलीकडे, मुरबाड तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत धर्मा गवंडी राहायचा. वाकडं त्याला खपत नसे. दुसऱ्यानं बांधलेली भिंत दिसली की आधी एक डोळा बारीक करणार आणि मग घरमालकाची झोप उडवणार. वाडीच्या विहिरीबद्दल मात्र कुणी ब्र काढलेला त्याला चालत नसे. ती त्याच्या वडिलांनी, महादूनं, वाडीतल्या माणसांना घेऊन खोदलेली. गावच्या विहिरीवर तेव्हा यांच्या कळशीला मज्जाव होता. "वरच्यांपेक्षा आमचं पाणी गोड," हे धर्मा पाहुण्याला चहाच्या आधी ऐकवायचा.

त्याची मुलगी संघरत्ना कल्याणला वसतिगृहात राहून सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. साल २००३. प्रोजेक्टला तिनं विषय घेतला पाणी शुद्धीकरणाचा. गावातल्या तीन विहिरी तपासायच्या होत्या. दोन विहिरींच्या बाटल्या तिनं स्वतः भरून नेल्या. वाडीच्या विहिरीची बाटली परीक्षेमुळं बापावर सोपवली. "थेट विहिरीतलं भरा, बाबा, नि बर्फात ठेवून त्याच दिवशी आणा," असं बजावलंही.

धर्मानं मांडीवर बाळ घ्यावं तशी बाटली एसटीतून नेऊन पोचती केली. आठवड्यानं पोरगी घरी आली ती तोंड एवढंसं करून.

"बाबा, आपल्या पाण्यात एकपण जंतू नाय निघाला."

"मग रडतेस कशाला गो? पेढे आण!"

"सर म्हणाले, दोन विहिरी नापास नि तुझ्या वाडीचीच पास कशी? हे विहिरीतलं पाणीच नाय. खरं सांग, नायतर प्रोजेक्ट रद्द."

चुलीपासून त्याची बायको रत्नप्रभा म्हणाली, "सांगा की आता! बाटली राखेनं घासली, उकळत्या पाण्यानं विसळली. पाणी चार पदरी फडक्यानं गाळलं नि वर दोन उकळ्या काढल्या. मला बघायला आलात तवा तोंडपण एवढं धुतलं नव्हतं."

"अगो, कॉलेजात जायचं होतं ते!" धर्मा उसळला. "वाडीचं नाव लागणार त्याला. तसंच धाडू? पोरीला शाळेत धाडताना वेणी घालायचीस का नाय?"

संघरत्नाला हसू आवरेना. मग हळूच म्हणाली, "पण बाबा, आपलं पाणी खराब निघालं तर?"

"नाय निघणार."

"निघालं तर?"

सकाळी नव्या बाटलीत धर्मानं विहिरीतलं पाणी जसंच्या तसं भरलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं झाला प्रकार सरांना सांगितला. सर पोट धरून हसले आणि त्यांनी पाणी तपासायला घेतलं.

निकाल सांगायला ती रविवारी आली. एसटीत सगळी वाक्यं जुळवली होती, बापासमोर एकच उरलं. "बाबा, पाण्यात मैल्यातले जंतू हायत."

धर्मानं एवढंच विचारलं, "कुठून येतात?"

तिनं विहिरीशी नेऊन काठाला चिकटलेला धुण्याचा कट्टा दाखवला. कट्ट्याला पडलेल्या चिरेतून धुण्याचं घाण पाणी विहिरीत मुरत होतं. कट्टा कोणी बांधला, हे तिला ठाऊक होतं.

धर्मा चिरेवर हात ठेवून खाली बसला. "तुझी आई बाळंतीण होती. तुझे लंगोट धुवायला पाणी लांब न्यायला नको, म्हणून बांधला. बापानं विहीर खोदली नि मी नासवली."

"म्हणजे जंतू माझेच की," ती म्हणाली. तो हसला नाही. तीही मग त्याच्या शेजारी बसली. "तुमाला ठाऊक नव्हतं, बाबा."

"तुला ठाऊक हाय ना? मग सांग, किती लांब पायजे?"

"पंधरा मीटर तरी. उताराच्या बाजूला. तोवर पाणी उकळून प्यायचं."

त्यानं टेप काढली. एक टोक तिनं धरलं. जिथं ती थांबली तिथं त्यानं खुंटी ठोकली, डोळा बारीक न करता. मग पहार घेऊन जुना कट्टा फोडायला लागला.

तेवढ्यात शेजारची सकुबाई धुण्याची पाटी घेऊन आली. "आरं धर्मा, येड लागलं का? आता धुऊ कुठं?"

"तिकडं, खुंटीपाशी. नवा बांधतोय."

"एवढ्या लांब? पाणी कोण नेणार, तुझा सासरा? कोणी सांगितलं हे?"

"आमच्या इंजिनीअर बाईंनी," धर्मा म्हणाला. त्यानं पहार खाली ठेवली, सकुबाईची पाटी डोक्यावर घेतली, हातात पाण्याची बादली धरली आणि खुंटीच्या दिशेनं चालू लागला.